दादरचा पूल आणि सर्व्हरचा मेगाब्लॉक

एका कंपनीच्या मालकीचा नसलेला सोशल मीडिया म्हणजे नेमकं काय? तिथे तुमची पोस्ट कुठवर जाते? आणि कुणी दार लावलं, तर बाहेर कोण कोण राहतं?

‘दादरला एक नंबरवर भेट’ असं कुणी म्हटलं की काही वर्षांपूर्वीपर्यंत पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. ‘कुठला एक नंबर? वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ फर्स्ट इयरला असताना मी आणि माझी मैत्रीण अशाच दोन वेगवेगळ्या एक नंबरवर उभ्या राहून वीस मिनिटं एकमेकींवर चिडलो होतो. डिसेंबर २०२३ मध्ये नंबर बदलले. आता वेस्टर्नचे एक ते सात आणि सेंट्रलचे आठ ते चौदा. भांडणाचं एक कारण कमी झालं.

पण कधी गर्दी नसेल तेव्हा दादरच्या त्या पुलावर क्षणभर थांबून खाली बघा. एका बाजूला पश्चिम रेल्वे, तिचं मुख्यालय चर्चगेटला. दुसऱ्या बाजूला मध्य रेल्वे, तिचं मुख्यालय सीएसएमटीला. दोघींचं टाइमटेबल वेगळं, मोटरमन वेगळे, अनाउन्समेंट करणारे वेगळे. तरी तुम्ही एकाच तिकिटावर गिरगावातल्या चर्नी रोडला गाडीत बसता, दादरला उतरता, पूल चढता आणि घाटकोपरला जाता. दोघींनी काही मोजक्या गोष्टी एकमेकींशी ठरवून घेतल्यात, बाकी कारभार आपापला. आणि रविवारी मध्य रेल्वेने माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक घेतला, तरी वेस्टर्नची गाडी धावत असते.

सोशल मीडियाचा एक प्रकार अगदी असाच चालतो. त्याला फेडिव्हर्स म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी मॅस्टोडॉनचं नाव ऐकलं असेल, एखाद्याने अकाउंट उघडून ‘इथे कुणीच नाही रे’ म्हणत बंदही केलं असेल. मीही तेच केलं होतं. नंतर परत गेले, काही महिने राहिले आणि तिथे एक गोष्ट अशी घडली की हे सगळं चालतं कसं ते नीट समजून घ्यावंच लागलं.

आपल्याकडे हे कधी गाजलं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९. तेव्हा आपण शाळेत होतो. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट कंपनीने बंद केलं. आधी कारण होतं त्यांच्या प्रोफाइलवरचा फोटो. १९३६ मध्ये हॅम्बर्गच्या गोदीत सगळे नाझी सलाम करत असताना हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एका माणसाचा तो प्रसिद्ध फोटो. म्हणजे नाझींना विरोध करणारा फोटो, पण नियमांच्या चाळणीत अडकला. अकाउंट परत मिळालं आणि लगेच दुसऱ्यांदा बंद झालं, या वेळी कवी गोरख पांडे यांच्या कवितेच्या एका जुन्या पोस्टवरून. भारतातल्या बऱ्याच लोकांनी रागाने ट्विटर सोडायचं ठरवलं आणि ते मॅस्टोडॉनवर गेले.

गंमत अशी की बहुतेक जण एकाच सर्व्हरवर गेले. ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’ हा मॅस्टोडॉन बनवणाऱ्या ऑयगन रोच्को या तरुणाने २०१६ मध्ये जर्मनीतून सुरू केलेला मूळ सर्व्हर. ट्रेन रिकामी आणि सगळे एकाच डब्यात, तसं झालं. बाकीचे शेकडो सर्व्हर आहेत, आपला आपणही काढू शकतो, हे फार कुणी सांगितलंच नाही. काही आठवड्यांत बरेच जण परत ट्विटरवर आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्कने ट्विटर विकत घेतल्यावर अशीच दुसरी लाट आली, ती जगभर होती. तीही काही प्रमाणात ओसरली. पण त्या दोन लाटांमुळे एक प्रश्न आपल्यासमोर आला: माझं बोलणं कुणाला ऐकू जाईल, हे ठरवतं कोण?

पोस्ट पूल कशी ओलांडते?

समजा, तुमचं अकाउंट ‘गिरगाव’ नावाच्या सर्व्हरवर आहे आणि तुमच्या मैत्रिणीचं ‘परळ’ नावाच्या. हे सर्व्हर म्हणजे कुणीतरी भाड्याने घेतलेला किंवा घरी ठेवलेला कम्प्युटर, ज्याच्यावर मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर चालतं. दोघांचे मालक वेगळे, नियम वेगळे. तुमचा पत्ता ‘अमुक ॲट गिरगाव’, तिचा ‘तमुक ॲट परळ’. ईमेलसारखाच.

ईमेलचं उदाहरण मुद्दाम दिलं. मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ज्यांनी व्हीएसएनएलचा ईमेल घेतला त्यांना अमेरिकेतल्या कुठल्याही ईमेलवर पत्र पाठवता यायचं. आजही जीमेलवरून याहूला मेल जातो. पण इन्स्टाग्रामवरून एक्सवरच्या माणसाला फॉलो करून बघा! फेडिव्हर्सने ईमेलची ती जुनी सोय सोशल मीडियात आणली. सर्व्हर्सनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाने ठरलेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता दिली.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथे आहे. तुम्ही ‘गिरगाव’वर पोस्ट टाकली की ती आपोआप जगभर जात नाही. ‘परळ’वरच्या कुणीतरी तुम्हाला फॉलो केलेलं असेल, तरच ‘गिरगाव’ त्या पोस्टची एक प्रत ‘परळ’ला पाठवतं. ती प्रत ‘परळ’च्या कम्प्युटरवर साठते आणि तुमची मैत्रीण ती तिथे वाचते. ‘लालबाग’ नावाच्या तिसऱ्या सर्व्हरवर तुम्हाला फॉलो करणारं कुणी नसेल, तर त्यांना तुमचा पत्ताच नाही. मैत्रिणीने पोस्ट पुढे शेअर केली आणि तिचा फॉलोअर ‘लालबाग’वर असला, की मग ती तिथे पोचते.

म्हणून नव्या छोट्या सर्व्हरवर गेलात की सगळं ओसाड वाटतं. माणसं आहेत, पण तुमच्या सर्व्हरला ती अजून माहीत नाहीत. आणि म्हणूनच एकाच पोस्टखाली तुम्हाला तीन रिप्लाय दिसतात आणि मैत्रिणीला सात. कुणी लपवलेलं नसतं. ते चार रिप्लाय तुमच्या सर्व्हरपर्यंत आलेलेच नसतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला आधी कुणी सांगायला हवी होती. पोस्ट डिलीट केली की तुमचा सर्व्हर बाकीच्यांना ‘हीसुद्धा काढा’ असा निरोप पाठवतो. बहुतेक सर्व्हर ऐकतात. पण ती विनंती आहे. ज्या सर्व्हरपर्यंत निरोप पोचलाच नाही किंवा ज्याने ऐकलं नाही, तिथली प्रत तिथेच राहते. खासगी मेसेजचंही तसंच. ते कुलूपबंद नसतात. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही सर्व्हरच्या ॲडमिनला मनात आणलं तर ते वाचता येतात.

ब्लॉक कोण कुणाला करतं?

इन्स्टावर ब्लॉक म्हणजे मी आणि तू. इथे तेवढंच नाही. पहिली पायरी ओळखीची आहे: एखाद्या माणसाला म्यूट किंवा ब्लॉक करणं. दुसरी पायरी म्हणजे एक अख्खा सर्व्हर स्वतःपुरता बंद करणं. ‘लालबाग’वरून आलेलं काहीच मला नको, असं तुम्ही एकट्याने ठरवू शकता. तुमच्या शेजाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

तिसरी पायरी ॲडमिनच्या हातात असते. ‘गिरगाव’च्या ॲडमिनने ‘लालबाग’ला मर्यादित केलं, तर तिथल्या पोस्ट ‘गिरगाव’च्या सार्वजनिक फीडमध्ये दिसत नाहीत. जे आधीपासून फॉलो करतात त्यांना मात्र दिसत राहतात. म्हणजे स्लो ट्रॅक बंद, फास्ट चालू.

चौथी पायरी म्हणजे खरा मेगाब्लॉक: सस्पेन्ड. ‘गिरगाव’ने ‘लालबाग’ला सस्पेन्ड केलं की देवाणघेवाण संपली. साठवलेल्या प्रती पुसल्या जातात. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना केलेले फॉलो तुटतात. आणि रेल्वेचा ब्लॉक संध्याकाळी संपतो तसा हा संपत नाही. उद्या ॲडमिनने निर्णय मागे घेतला, तरी तुटलेले फॉलो आपोआप जोडले जात नाहीत. ज्याने त्याने परत शोधून परत फॉलो करायचं.

‘मला वाटलं, तूच ब्लॉक केलंस’

आता माझी गोष्ट. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी लालबाग-परळच्या गिरणगावावर काम करत होते. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या गिरण्यांमध्ये काम करणारी माणसं ज्या चाळींमध्ये राहिली, त्यांच्या खोल्या, सामायिक नळ, खानावळी, यांच्या आठवणी मला गोळा करायच्या होत्या. फोटो आणि छोट्या नोंदी मी एका लहानशा सर्व्हरवर टाकायचे. दोनशेएक माणसं असतील तिथे.

एक दिवस परदेशात राहणाऱ्या एका काकूंनी रिप्लाय केला. त्यांचं अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवर होतं. त्यांचे आजोबा परळच्या गिरणीत जॉबर होते. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. संपाच्या दिवसांत घरातली भांडी एकेक करून कशी कमी होत गेली, ते त्या रोज थोडं थोडं लिहायच्या. मी वाट बघायचे. पुस्तकांत संपाचे आकडे होते, अडीच लाख कामगार वगैरे. भांडी नव्हती.

आणि एका आठवड्यात त्या गप्प झाल्या. मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. वाटलं, माझ्याच एखाद्या प्रश्नाने दुखावल्या असतील. संपावर बोलताना घरातलं काय काय वर येतं, आपण काय विचारून बसलो, असं मनात घोळत राहिलं.

कारण वेगळंच होतं. आमच्या सर्व्हरवर कुणीतरी दोन-तीन अकाउंट उघडून बाहेरच्या बायकांना घाणेरडे मेसेज पाठवत होतं. तक्रारी आल्या, आमच्या ॲडमिनने त्या बरेच दिवस उघडूनच बघितल्या नाहीत. शेवटी काकूंच्या सर्व्हरने आमचा अख्खा सर्व्हर सस्पेन्ड केला. मला कुठलीही सूचना आली नाही. त्यांनाही नाही.

मी दुसऱ्या सर्व्हरवर अकाउंट उघडलं, त्यांचा पत्ता शोधला आणि लिहिलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं: ‘अगं, मला वाटलं तूच मला ब्लॉक केलंस.’

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीत यावर थोडा उपाय झाला. तुमच्या ॲडमिनने एखादा सर्व्हर बंद केला आणि त्यामुळे तुमचे फॉलो तुटले, तर आता तुम्हाला तशी सूचना येते. पण ज्याच्यासाठी दार लावलं, त्याच्या वाट्याला अजूनही शांतताच असते.

मग ॲडमिन चुकला का?

खरं सांगू? काकूंच्या सर्व्हरचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. रोज घाण मेसेज येणाऱ्या बायकांना ‘एकेकाला ब्लॉक करत बसा’ असं सांगणं सोपं आहे. तसे लोक सकाळी नवं अकाउंट उघडून परत येतात.

२०१९ च्या जुलैमध्ये याची मोठी परीक्षा झाली. गॅब हे अमेरिकेतलं द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध नेटवर्क. त्याने मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर उचललं आणि त्यावर आपला सर्व्हर उभारला. सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे रोच्को त्यांना अडवू शकत नव्हते. पण शेकडो ॲडमिननी आपापल्या बाजूने पूल बंद केले. गॅब नष्ट झालं नाही, त्याला बोलायला बंदीही झाली नाही. फक्त त्याचा आवाज बाकीच्यांच्या घरात येईना. एका मोठ्या कंपनीने हुकूम न काढता इतकं होऊ शकतं, हे मला विशेष वाटतं.

थ्रेड्सच्या वेळी मात्र मतं फाटली. मेटाने जुलै २०२३ मध्ये थ्रेड्स आणलं आणि आम्हीही फेडिव्हर्सला जोडले जाऊ असं जाहीर केलं. बऱ्याच ॲडमिननी जोडणी सुरू व्हायच्या आधीच ‘आम्ही दार लावणार’ असं सांगून टाकलं. त्यांची भीती जुन्या अनुभवातून आलेली होती. गुगल टॉकने २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरसाठी आपलं चॅट खुलं केलं, लोकांना सवय लागली आणि २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना गुगलने तो पूल काढून घेतला. दुसरी बाजू म्हणत होती, आमची आई, आमचे मित्र थ्रेड्सवर आहेत. त्यांच्याशी बोलायचं नाही का?

इथे मला परळचाच पूल आठवतो. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. कारण योग्य होतं. पण त्या दिवसापासून गाड्या दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडच्या पुलावरून वळसा घालून जाऊ लागल्या. केईएमला, टाटाला निघालेल्यांनाही तोच वळसा. पूल जुना होण्यात त्यांचा काय दोष? सर्व्हर ब्लॉक होतो तेव्हाही असंच होतं. दोन टवाळखोरांमुळे दोनशे जण वळसा घालतात.

ॲडमिन मंडळी एकमेकांच्या ब्लॉक याद्या वापरू लागली की हे आणखी नाजूक होतं. मॅस्टोडॉनमध्ये अशी यादी एका झटक्यात उतरवून घेता येते. मेहनत वाचते. पण यादीत एखाद्या सर्व्हरचं नाव ऐकीव माहितीवर आलं असेल, तर ती चूक एका झटक्यात पन्नास ठिकाणी पोचते, आणि दाद मागायची तर पन्नास दारं वाजवावी लागतात.

वर्गणी कोण भरतं?

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्या मंडळावर लालबागच्या मंडळाचा हुकूम चालत नाही आणि लालबागवर गिरगावचा नाही. प्रत्येकाची वर्गणी, कार्यकर्ते, नियम आपापले. फेडिव्हर्समधला सर्व्हर असाच चालतो. भाडं देणग्यांतून येतं, तक्रारी बघणारे लोक ऑफिस सुटल्यावर फुकट काम करतात. भारतात फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाच्या स्वयंसेवकांनी ‘पोडरी’ नावाचा सर्व्हर असाच अनेक वर्षं चालवला. कार्यकर्ते दमले की मंडळ थंडावतं. आमच्या ॲडमिनचं तेच झालं असावं. दोनशे माणसांमधून वर्गणी देणारे किती होते, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मीही देत नव्हते.

कधीकधी तर पायाखालची जमीनच जाते. ‘क्विअर डॉट एएफ’ नावाचा एक सर्व्हर होता. ‘डॉट एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने ते नाव बंद केलं आणि सर्व्हरचा पत्ताच गेला.

अकाउंट उघडण्याआधी

• सर्व्हर निवडताना त्याचं ‘अबाउट’ पान वाचा. नियम काय आहेत, ॲडमिन कोण आहे, तक्रारी कोण बघतं, हे तिथे असतं. बरेच सर्व्हर आपण कुणाला ब्लॉक केलंय आणि का, तेही तिथेच छापतात. जे कारण देतात त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवा.

• आपण कुणाला फॉलो करतो ती यादी अधूनमधून डाउनलोड करून ठेवा. सेटिंगमध्ये दोन क्लिकचं काम आहे. सर्व्हर बदलताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत.

• फोन नंबर, पत्ता, रुसवेफुगवे मेसेजमध्ये लिहिताना दोन ॲडमिन आठवा.

• कुणी अचानक गप्प झालं, तर वाईट वाटून घेण्याआधी मधला पूल चालू आहे का ते बघा.

• आणि महिन्याला एका वडापावाचे पैसे सर्व्हरला द्या. कीर्ती कॉलेजजवळचा एक वडापाव कमी खाल्ला तरी चालेल.

काकूंशी माझं आता ईमेलवर बोलणं होतं. प्रोजेक्ट कधीच सबमिट झाला, मार्कही मिळाले. तरी त्या अजून लिहितात. परवा लिहिलं होतं की संपाच्या दुसऱ्या वर्षी आजीने तांब्याचा हंडा विकला आणि तो जिने घेतला ती शेजारीणच होती. तो हंडा मग पुढची अनेक वर्षं त्याच गॅलरीत, दोन दारं सोडून, रोज दिसायचा.